नव्वद नंबरचा कोड

छप्पन्न वर्षांच्या बाईला अख्खं ऑफिस ‘धाकटी’ म्हणायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिची आई याच ऑफिसात नोकरीला होती. शाळा सुटली की पोर इथं यायची आणि आईच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे तीही इथंच चिकटली. केस पिकले, नाकावर चष्मा आला, निवृत्तीला सात महिने उरले, तरी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती धाकटीच. मग थोरली कोण, हे नव्या लोकांना विचारायचं सुचत नसे आणि जुन्यांना विचारायची गरज नव्हती.

ऑफिस म्हणजे शहराच्या बस कंपनीचा हरवलेल्या वस्तूंचा विभाग. डेपोच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतीला लागून एक लांब बाक. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर माणसांचा विसरभोळेपणा ओळीनं मांडून ठेवलेला. ओल्या छत्र्या, चामडं आणि जुना कागद यांचा मिळून एक वास तिथं असे. धाकटीला तो वास आला की अजूनही भूक लागायची, कारण टेबलाखाली बसलं की आई वरून बिस्किट द्यायची.

काउंटर सांभाळायला एक गृहस्थ होते. पावती फाडल्याशिवाय ते स्वतःची पेन्सिलही कुणाला देत नसत, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं पावती. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या वर्षी कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद आता त्यात व्हायची होती, आणि नोंद करायची तर आधी कोडांची यादी हवी: छत्रीला कुठला नंबर, चष्म्याला कुठला, एकट्या हातमोज्याला कुठला. यादीत नसलेली वस्तू सॉफ्टवेअर ओळखतच नाही. हे काम कुणाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं, कारण जुनी यादी आईच्या हातची होती. लाकडी कपाटाच्या एका खणात एकशे चाळीस कार्डं. प्रत्येकावर कोड, वस्तूचं नाव, कोड सुरू झाल्याची तारीख आणि बंद झाल्याची तारीख, खाली आईची सही.

आईचा एक दंडक होता. कोड कधी खोडायचा नाही. ती वस्तू लोक वापरेनासे झाले की बंद झाल्याची तारीख घालायची आणि कार्ड जागच्या जागी ठेवायचं. “एकदा नंबर दिला ना, की तो त्या वस्तूचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही,” असं ती म्हणायची.

सॉफ्टवेअरवाला फोनवर भेटायचा. पोरगा हुशार आणि गोड बोलणारा होता, पण घाईत असायचा. “मॅडम, शुक्रवारी पाचला यादी लॉक होणार. जुन्या कोडांना शेवटची तारीख टाका, म्हणजे झालं. रिकामी ठेवू नका हां. रिकामी ठेवली की तो कोड चालू धरला जातो.”

धाकटी फोनवर ‘हो हो’ म्हणाली आणि नेमकं तेच केलं नाही. तिला जमेना. काही कार्डांवर आईनंच शेवटची तारीख घातली नव्हती: शाईची दौत, खांद्याला अडकवायचा रेडिओ, लाकडी मुठीची लांब छत्री. आई विसरली असेल किंवा तिला त्या वस्तू निकालात काढवल्या नसतील. आईनं जे रिकामं ठेवलं ते आपण भरणारे कोण, असं म्हणून धाकटीनं सुरुवातीच्या जुन्या तारखा आईच्याच ठेवल्या, शेवटचे रकाने कोरे ठेवले आणि मंगळवारी दुपारी ‘मंजूर’वर बोट ठेवलं.

बुधवारी एका ड्रायव्हरनं शाईची दौत आणून दिली. मागच्या सीटवर सापडली म्हणाला. पावतीनं ती उजेडात धरून बघितली. झाकणाखालची शाई ओली होती आणि त्यांचा अंगठा निळा झाला.

“आता शाईनं लिहितो कोण?” ते म्हणाले.

तासाभरानं रेडिओ आला. धाकटीनं हात लावला तर पाठीमागची बाजू कोमट होती, नुकताच कुणीतरी बंद केला असावा. तिला कौतुकच वाटलं. असला रेडिओ वडिलांकडे होता, रविवारी ते तो खिडकीत ठेवून दाढी करायचे. तिनं बटण फिरवलं. खरखर आली आणि गेली.

चारच्या सुमाराला छत्री आली. लाकडी मुठीची, लांब. बाहेर आठवडाभर कडक ऊन होतं आणि छत्रीतून पाणी ठिबकत होतं. पावतीनं खाली फडकं टाकलं आणि चष्म्यावरून धाकटीकडे बघितलं.

“ताई, आज आजोबा लोकांची सहल निघालीय का?”

ती हसली आणि यादी पुन्हा उघडून बघितली. तिन्ही वस्तू त्याच जुन्या कोडांच्या होत्या ज्यांचा शेवटचा रकाना कोरा होता. असा आणखी एकच कोड उरला होता. तो अजून मंजूर झाला नव्हता, कारण त्यावर सॉफ्टवेअरवाल्यानंच हरकत घेतली होती.

“मॅडम, नव्वद नंबर चुकून आलाय बहुतेक,” तो म्हणाला होता. “वस्तूंच्या यादीत ‘मूल’ असं लिहिलंय.”

ते चुकून आलं नव्हतं. पूर्वी बसमध्ये चुकलेली मुलंही ड्रायव्हर इथंच आणून सोडायचे. त्यांना बाकावर बसवायचं, बिस्किट द्यायचं, वहीत नव्वद नंबरखाली नोंद करायची आणि घरचं माणूस आलं की सही घेऊन हवाली करायचं. पुढे ते काम पोलिसांकडे गेलं. साहेबांनी कोड बंद करायला सांगितला, आणि आयुष्यभर वरच्यांचा शब्द झेलणाऱ्या आईनं तेवढा एक शब्द ऐकला नाही.

त्याचं कारण थोरली. एक्कावन्न वर्षांपूर्वी आई दोघींना घेऊन चौदा नंबरच्या बसमध्ये बसली होती. थोरली सात वर्षांची, धाकटी पाच. उतरताना गर्दी झाली. आईच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात धाकटी. थोरली मागून येतेय असं तिला वाटलं. बस निघून गेली. आई धावत या ऑफिसात आली आणि बाकावर बसून राहिली. रात्र झाली, सकाळ झाली, कुणी थोरलीला आणून सोडलं नाही. दोन महिन्यांनी आईनं इथंच नोकरी धरली. पोर कधीतरी इथंच येणार, अशी तिची खात्री होती.

त्या दिवसानंतर आईनं धाकटीचा हात कधी धरला नाही. जेवू घातलं, शिकवलं, आजारपणात रात्र रात्र उशाशी बसली. पण रस्ता ओलांडतानासुद्धा दोन पावलं पुढे चालायची. धाकटीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला वाईट वाटायचं, रोज वाटायचं, इतकंच.

आई आता चौऱ्याऐंशीची होती आणि अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, आता दिवस मोजायचे. दिवसा शेजारीण बसायची. संध्याकाळी धाकटी दारातून आत आली की आई तोच प्रश्न विचारायची जो ती निवृत्त झाल्यापासून विचारत होती.

“आज काही आलं का गं?”

“दौत आली,” त्या बुधवारी धाकटीनं सांगितलं. “आणि एक रेडिओ.”

“आणि?”

“छत्री.”

आईनं डोळे मिटले. “तिची वाट बघत मला ताटकळायचा कंटाळा नाही आला,” ती म्हणाली. “पण आता जमत नाही गं.”

रात्रभर धाकटीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. ती हिशेबी डोक्याची बाई होती, भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ओल्या छत्रीला काहीतरी कारण असणारच. पण कारण शोधत बसायला आईकडे वेळ नव्हता, आणि यादी शुक्रवारी लॉक होणार होती.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. नव्वद नंबर उघडला. नाव: मूल. सुरू झाल्याची तारीख आईच्या कार्डावरची, म्हणजे आई नोकरीला लागल्यानंतरची होती, पण तिनं ती खोडली आणि चौदा नंबरची बस निघून गेली त्या दिवसाची घातली. शेवटचा रकाना कोरा ठेवला. यादीची मालकीण तीच होती, मंजुरीही तिचीच. सॉफ्टवेअरनं ‘नक्की का?’ असं विचारलं. ती ‘हो’ म्हणाली, तोंडानंसुद्धा.

दुपारपर्यंत काही झालं नाही. दोन मोबाइल आले, एक चष्मा आला. तीन वाजता वरच्या मजल्यावर मीटिंग होती, तिला जावं लागलं. तिथं काय बोलणं झालं ते तिला विचारू नका.

ती चार वाजता खाली आली तेव्हा पावती उभे होते. ते काउंटरवर कधी उभे राहत नसत.

“चौदा नंबरवाल्यानं दोन मुली आणून सोडल्या,” ते म्हणाले.

“चौदा नंबर बंद होऊन किती वर्षं झाली.”

“ते मला तो गेल्यावर आठवलं.”

“दोन?”

“एक सात-आठ वर्षांची, एक बारकी. नोंद केली मी, नव्वदखाली घेतली सॉफ्टवेअरनं. दहा मिनिटांत आई आली. तिशीची असेल. धापा टाकत होती. मोठी पोर ‘आई’ म्हणून जी धावली ना, ताई, मला भरून आलं.” त्यांनी कागद पुढे केला. “सही घेतलीय.”

सही धाकटीनं ओळखली. एकशे चाळीस कार्डांवर ती होती. बाजूला वेळ होती: तीन चाळीस.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारीण होती.

“मावशी गेल्या गं,” ती रडत म्हणाली. “आत्ता, पावणेचारच्या जरा आधी. झोपेतच. हसत होत्या बघ, आणि हात असा पुढे केलेला.”

धाकटीनं फोन ठेवला. ती रडली, पण आईचा जीव एकदाचा भांड्यात पडला, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

“ताई,” पावती हलक्या आवाजात म्हणाले. “दुसरीचं काय करू?”

“दुसरीचं?”

“त्या बाई मोठीलाच घेऊन गेल्या. हिच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मी हाक मारली, पण त्या दोघी वळून बघायला तयार नाहीत.”

ती बाकाकडे वळली.

बाकाच्या टोकाला पाच वर्षांची मुलगी बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. ती रडत नव्हती. दाराकडे बघत होती.

“कधीची बसलीय?” धाकटीनं विचारलं.

“अर्धा तास झाला असेल.”

“नाही,” मुलगी म्हणाली. “खूप झालं.”

धाकटीनं खुर्ची ओढली आणि हवाली करण्याचा फॉर्म उघडला. नेणाऱ्याचं नातं काय, ते यादीतून निवडायचं होतं. आई, वडील, भाऊ, बहीण. तिचं बोट खाली सरकत गेलं. सगळ्यात शेवटी, पाकिटं आणि किल्ल्या न्यायला येणाऱ्यांसाठी, ‘स्वतः’ होतं.

तिनं ते निवडलं. सॉफ्टवेअरनं काही विचारलं नाही.

ती बाकाजवळ गेली. मुलीनं हात वर केला आणि तिचा हात धरला. पकड घट्ट होती.

“पावती घेऊन जा, ताई,” मागून आवाज आला.

तिनं दुसऱ्या हातानं कागद घेतला आणि दारातल्या उजेडात वाचला. सापडलेल्या वस्तूच्या रकान्यात छापलं होतं: बाई, वय छप्पन्न. नेणाऱ्याच्या रकान्यात: मुलगी, वय पाच. नातं: स्वतः.

मुलगी तिला ओढत दाराबाहेर निघाली होती.