पांढरी फुप्फुसं

चांद्रस्थानकाच्या निवड केंद्रात डॉक्टर घोलपांचा शब्द शेवटचा. चाळीस वर्षं छातीचे एक्स-रे वाचलेला माणूस. छातीची चित्रं काढणारं नवं जाळीयंत्र आजच सुरू झालं होतं आणि शलाका डांगे त्यावरची पहिलीच उमेदवार. डॉक्टरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या अर्जावर लाल शाईने लिहिलं, 'अपात्र'.

"दोन्ही फुप्फुसं पांढरीशुभ्र. निरोगी असती तर काळी दिसली असती. पुढच्या महिन्यातलं यान विसर, पोरी."

आता शलाका काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. या यंत्रातल्या केसाहून बारीक रेघांच्या जाळ्या तिच्याच गटाने कोरल्या होत्या.

"सर, जुन्या एक्स-रेत किरण किती अडले ते दिसतं. हे विखुरचित्र आहे. जाळीतून किरणांच्या रेघा निघतात, शरीरात विखुरल्या की पुसट होतात. जितक्या पुसट, तितकं चित्र पांढरं."

"म्हणजे तुझ्या छातीत काहीतरी आहे."

"आहे ना. हवा. कोट्यवधी चिमुकल्या पिशव्यांमधली." तिने बेसिनपाशी जाऊन हातावर साबण घासला. "पाणी आरपार दिसतं, फेस मात्र पांढरा. कारण प्रत्येक बुडबुड्यापाशी प्रकाश वळतो. फुप्फुस म्हणजे फेसच."

"आणि पिशव्या फुटल्या तर?"

"फेस विरला. चित्र काळं."

"वक्तृत्व स्पर्धेत जा तू," घोलप हसले. "मी सदुसष्ट वर्षांचा. सिगारेट सोडून वीस वर्षं झाली, ठणठणीत आहे. बघू, माझी छाती पांढरी येते का."

ते स्वतःच यंत्रासमोर उभे राहिले. मिनिटभरात चित्र उमटलं. काळंभोर.

"बघ. एक डाग नाही. याला म्हणतात फुप्फुस."

शलाकाने पडद्याजवळ जाऊन ते चित्र नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सर, जिना चढताना थांबावं लागतं का?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबतो जरा. वयच आहे ते, आता..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग तिचा अर्ज ओढला, लाल शब्द खोडला आणि खाली सही केली.

"तू चंद्रावर जा," ते म्हणाले. "मी आधी कुणाला तरी माझी छाती दाखवून येतो. लिफ्टने."