खरेबुवांचा मॅच पॉइंट

पहिल्याच भेटीत त्याने तिला चारचौघांत खोटं पाडलं. समोरच्याच्या बॉलला तिने “आउट” म्हणून हात ताठ केला, पॉइंट त्यालाच मिळाला... आणि हा डोळ्यांवर केस आलेला लांबुडका मुलगा लाल मातीत उकिडवा बसून म्हणतो, “नाही हो, आत होता. हा बघा ठसा.”

गरज होती का?

टेनिसच्या स्पर्धेत पंच म्हणून रेषेवर उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. त्यात मुख्य पंच तिचा सख्खा मामा. संध्याकाळी त्याने बजावलं, भाची असलीस तरी पांघरूण घालणार नाही. आणखी एक निर्णय चुकला की घरी. आणि घरी “हिला काही जमतच नाही” हा जप वर्षानुवर्षं चालू होता. तो तिला एकदाचा बंद करायचा होता!

तर उपांत्य सामन्यात तिच्या वाट्याला पुन्हा हेच खरेबुवा आले. (नाव तिनेच ठेवलं होतं.) समोर स्पर्धेतला पहिला मानांकित, सहा रॅकेटवाला. खरेबुवांकडे दोन, त्यातली एक मित्राची.

सामन्याआधी पाण्याच्या नळाशी गाठ पडली. आज कृपा करून तोंडाला कुलूप लाव, असं तिने दात-ओठ खात सांगितलं. बघतो, म्हणाला. वर हसला, आणि गालाला खळी पडली. ज्याच्यावर मनसोक्त चिडायचं, त्याला खळी कशाला देतात?

तो हरणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण हा पठ्ठ्या जाळ्याजवळ असे हळुवार बॉल टाकत सुटला, की मानांकित पळून पळून घामाघूम. बघता बघता मॅच पॉइंट... खरेबुवांचा.

मानांकिताने जीव खाऊन बॉल हाणला, सरळ तिच्या रेषेकडे. खरेबुवा मात्र जागचे हललेच नाहीत.

“आउट.” तिचा हात ताठ.

मानांकित उसळलाच. ही मुलगी परवाही चुकली होती, म्हणाला. मग रॅकेट खरेबुवांकडे रोखली. “यालाच विचारा. हा खोटं बोलायचा नाही.”

नुसतं ‘बाहेर’ म्हटलं की जिंकला! म्हण ना, बाबा...

त्याने मान खाजवली. “मला नाही माहीत,” तो म्हणाला. “मी बॉल बघितलाच नाही. मी... हिच्याकडे बघत होतो.”

तिला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. मामा खुर्चीवरून उतरला, चष्मा सावरत वाकला. ठसा आणि रेषेच्या मध्ये बोटभर माती होती.

“निर्णय बरोबर आहे,” मामा म्हणाला. आणि सामना संपला.

नळाशी तिने त्याला गाठलंच. मॅच पॉइंटला बॉल सोडून भलतीकडे कोण बघतं, अक्कल कुठे ठेवून आला होतास, सगळं एका दमात.

“तुझा हात वर गेला की मला कळणारच होतं,” तो म्हणाला.

“मग मामाला तसं सांगायचं ना.”

“पण बघितलं नव्हतं ना मी.”

“आणि उद्या फायनलला?”

“खरं सांगू?” कानापर्यंत लाल होत तो म्हणाला. “उद्याही तुझ्याकडेच... आवडतेस तू मला.”

“मी तुझ्या पाठीमागची रेषा मागून घेते.”

“मग सारखी मान वळवावी लागेल.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तोच हात त्याच्या हातात दिला.