वळसा

ऋतुजा माळवदे दुसऱ्यांदा नापास झाली, आणि तेही एकही उत्तर न चुकता. व्याकरण बरोबर, शब्दसंग्रह बरोबर, उतारा वाचून दिलेली उत्तरं तर इतरांना दाखवावीत अशी. पण इंग्रजीच्या परीक्षेत नुसती उत्तरं तपासायचे दिवस सरले होते. घोकंपट्टी करून पोपटही पास होतो, हे परदेशातल्या रुग्णालयांना कळून चुकलं होतं. आता परीक्षार्थीच्या कपाळाला पट्टा बांधत आणि वाचलेला शब्द मेंदूत कुठून कुठे जातो ते पाहत. तो थेट अर्थाला भिडला तर ठीक. आधी मायबोलीच्या दारावरून जाऊन मग अर्थाकडे गेला, तर त्या फेरीला म्हणायचं 'वळसा'. नर्सला वळसा माफ नव्हता. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी अर्धा सेकंदही फार, असं नियमातच लिहिलं होतं.

"गोळ्या मोजायच्या प्रश्नावर अडकलात," डॉ. सबनीस पडद्याकडे बघत म्हणाल्या. मिरजेच्या त्या केंद्रात वळसा मोजायचं आणि मोडायचं काम त्याच करत. "पहिल्या आकड्यालाच रेघ उसळलीय. मनात काय म्हणालात?"

ऋतुजा ओशाळली. "लाभ."

"म्हणजे?"

"माझे वडील बाजारात मापाडी आहेत, मॅडम. धान्याचं पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. लहानपणापासून तेच कानावर. वॉर्डात गोळ्यासुद्धा मी तशाच मोजते. कधी चुकलं नाही."

"चुकत नाहीच. उशीर होतो."

तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की पाच वर्षं अर्ज करता येणार नव्हता. नवरा हेमंत वर्षापूर्वीच नोकरीसाठी तिकडे गेला होता, लेक ओवीला घेऊन. ओवी आता सहा वर्षांची होती. पाच वर्षांनी ओवी अकराची होणार, हा एकच हिशेब ऋतुजा पुन्हा पुन्हा करायची.

"उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पायवाटेवरची वर्दळ थांबली की गवत माजतं ना, तसंच. चुंबकाच्या सौम्य लहरींनी आम्ही मराठीची वाट चाळीस दिवस बंद ठेवतो. तेवढे दिवस मराठी बोलायचं नाही, ऐकायचं नाही."

"ओवीचा रोज फोन येतो."

"घेऊ नका."

"आणि नंतर मराठी परत येईल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "भाषा पुसली जात नाही. वाट तेवढी बदलते."

हे उत्तर झालं नाही, हे ऋतुजाला कळत होतं. पण इकडे आड तिकडे विहीर. तिने सही केली.

पंचविसाव्या दिवशी वडील डबा घेऊन केंद्राच्या फाटकाशी आले. नियम त्यांना कुठले ठाऊक! ते गजांमधून काहीतरी बोलले, हसून बोलले. ऋतुजाला आवाज ओळखीचा वाटला, पण शेजारच्या घरातून भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसा. शब्द लागतच नव्हते. डबा तिथेच ठेवून ती आत पळाली आणि डॉक्टरांना म्हणाली, इंग्रजीतच, की हे थांबवा. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि समजावलं की आता थांबलं तर दोन्ही वाटा अर्धवट राहतील.

ऋतुजा पास झाली. वळसा शून्य. केंद्राने तिचा फोटो दारात लावला.

तिकडच्या विमानतळावर हेमंतचं बोट धरून ओवी उभी होती. "आई," तिने हाक मारली.

ऋतुजा सामानाची गाडी ढकलत तिच्यासमोरून दोन पावलं पुढे गेली. हाक ऐकू आली होती. पण ती आपल्याला आहे, हे मेंदू आधी इंग्रजीच्या दारात विचारून आला. वळसा मोडलाच नव्हता, आता तो उलट्या बाजूने पडत होता. ती गर्रकन मागे फिरली, गुडघ्यांवर बसली, इंग्रजीतच काहीतरी म्हणाली आणि तिने हात पसरले.

ओवी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग बापाच्या मागे सरकली.

"बाबा, ही आई नाहीये."

वाक्य ऋतुजाच्या कानावर पडलं. अर्थ पोचायला अर्धा सेकंद लागणार होता. तोवर ती ओवीकडे बघून हसत होती.