चारीतले दोन ठोके

ज्याला खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं, माझा राग नाही. मला सही येते आणि इंजिनाला तेल घालता येतं. गोष्टी जोडता येत नाहीत.

हे माझ्यासमोर घडलं. आणि रात्री नाही... भर दुपारी.

साल एकोणीसशे एकतीस. खंडेनवमीचा दिवस. जळगावातून असोद्याकडे जाताना एक कापसाची जिन होती, सरकी काढायचा कारखाना. शेठचं नाव सांगत नाही, त्यांची पोरंबाळं आहेत.

ती जिन गॅस इंजिनावर चालायची. उंच लोखंडी भट्टीत लाकडी कोळसा अर्धवट जाळायचा. त्याचा गॅस पाइपातून इंजिनात जायचा. चाळीस हॉर्सपावरचं धूड नुसत्या त्या हवेवर फिरायचं.

आता हा गॅस कसा, ते नीट ऐका.

कार्बाइडच्या बत्तीचा गॅस घाण मारतो. तो बरा, माणूस नाक धरून पळतो तरी. आमच्या गॅसला वास नाही. रंग नाही. डोळ्यांत पाणी नाही. नुसती झोप येते.

पाइप जमिनीखालच्या चारीतून जायचा. वर फरशा. माणूस रांगत जाईल एवढीच जागा, वीसेक हात लांब. भट्टीकडे एक तोंड उघडं, पुढं इंजिनाच्या पायाची भिंत. म्हणजे आत गेलेल्यानं त्याच तोंडातून मागं यायचं.

म्हणून इंजिन सांभाळणाऱ्या सरदार मिस्त्रीचा कायदा होता. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर. हातात पाना. आतल्यानं पाइपावर दोनदा ठोकायचं, म्हणजे "मी बरा आहे." तोंडाशी बसलेल्यानं एकदा ठोकायचं, म्हणजे "ऐकलं." मग विसापर्यंत मोजायचं. विसाला ठोका आला नाही, तर विचार करायचा नाही. दोर ओढायचा.

दुसऱ्या दिवशी दसरा. हंगाम सुरू करायचा शेठचा मुहूर्त. अख्खं गाव बघायला येणार, आणि इंजिन काही धरेना. भट्टीत हवा सोडणारा हाताचा पंखा फिरवून फिरवून मिस्त्रीचे खांदे गेले. गॅस कुठंतरी गळत होता.

गळती शोधायची म्हणजे रिठ्याचा फेस करायचा आणि पाइपाच्या सांध्यांना चोपडायचा. बुडबुडा आला की गळती तिथं.

आत जायला निघाला झुलाल. माझ्या भागाबाईचा नवरा. बहीण माझी धाकटी, सातव्या महिन्यात होती. झुलालला त्या जिनेत मीच लावला होता. हे लक्षात ठेवा.

"पाना ले ना रे," मी म्हटलं.

"खूळ लागनं का तुले, वना? आज हत्याराले हात लावतस का?"

खरंच होतं. सकाळीच पूजा झाली होती. सगळे पाने, हातोडे, छिन्न्या पाटावर मांडलेल्या, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं घातलेली. दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचे नाहीत. सरदार मिस्त्रीनंसुद्धा आपला मोठा पाना स्वतः आणून पाटावर ठेवला होता.

मिस्त्री म्हणाला, "मत जा झुलाल. कल देखेंगे."

"कल मुहूर्त शे, मिस्त्री. शेठ तुमनी दाढी उपटी टाकी," झुलाल हसला. "मी नुस्ता हातनी ठोकसू. सारं काम पाच मिनिटनं."

आम्ही सगळेच हसलो.

फेसाला बुडबुडा यायचा तर पाइपात गॅसचा जोर हवा. म्हणून मिस्त्री भट्टीपलीकडे जाऊन हळूहळू पंखा फिरवायला लागला. घुर्र... घुर्र... मी तोंडाशी बसलो. दोर माझ्या मुठीत. ठोकायला एक दगडाचा तुकडा.

झुलाल आत शिरला. पायांचे तळवे दिसले, मग तेही गेले.

थप्. थप्.

तळहाताचा आवाज. मी एकदा ठोकलं. मोजायला लागलो.

थप्. थप्.

पुन्हा उत्तर दिलं. असं चार-पाच वेळा झालं.

मग...

काहीच नाही.

पंधरा. सोळा. सतरा. दोर मी घट्ट धरला. अठरा...

टण्. टण्.

जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, याला आत एखादा जुना बोल्ट सापडला वाटतं. उत्तर दिलं.

पुन्हा मोजलं. अठरा...

टण्. टण्.

पुन्हा उत्तर. मी विडी पेटवायला तोंड त्या बिळापासून लांब वळवलं. विडी ओढत मोजत राहिलो. अठरा... टण्. टण्.

दरवेळी अठराच. सतरा नाही, एकोणीस नाही.

माणूस काम करता करता असा ठोकतो का हो? कधी लवकर, कधी उशिरा. हे तर घड्याळासारखं. पण तेव्हा मला बरंच वाटलं. किती नेमानं ठोकतोय गडी, असं वाटलं.

विडी संपत आली तेव्हा भिकुबाई आली. जिनेत कापूस निवडायची. म्हातारी प्रसादाचं ताट घेऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकायला लागली.

"वना भाऊ, पाना कोनी उचला?"

"कोनी नही, अक्का."

"मंग हाई लोखंड कोन वाजाडी ऱ्हायनं?"

"झुलालले बोल्ट सापडना व्हई."

"बोल्टना आवाज असा नही ऱ्हास. हाऊ मोठा पाना शे." तिनं मान वळवून पाटाकडे बघितलं. मीही बघितलं.

सगळे पाने जागेवर. मिस्त्रीचा मोठा पाना मधोमध. त्यावरचं फूलसुद्धा हललं नव्हतं.

मी विडी फेकली.

"झुलाल!" मी बिळात तोंड घालून ओरडलो. "ओ झुलाल! आवाज दे रे!"

आवाज आला नाही.

आला तो...

टण्. टण्.

मी दोर ओढला. जड. पोत्यासारखा जड. ओढताना कुठं अडखळणं नाही, हात टेकणं नाही. भिकुबाईनं ताट टाकलं, दोराला लागली आणि मिस्त्रीच्या नावानं ओरडली. पंखा थांबला.

आणि आम्ही झुलालला इकडं ओढत असताना, आतून, दूर, भिंतीच्या बाजूनं...

टण्. टण्.

बाहेर काढला. गाल लालबुंद, जसा उन्हातून आलाय. मी म्हटलं, जित्ता आहे! या गॅसनं मेलेला असाच लाल दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, नावानं हाका मारल्या. मिस्त्रीनं त्याची मूठ उघडली.

मूठ रिकामी. बोटांवरचा रिठ्याचा फेस सुकून पापडी झाली होती.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "कब से पडा है ये?"

"आत्तापर्यंत ठोकत होता, मिस्त्री."

"कौन ठोक रहा था?"

 तेवढ्यात सगळ्यांनी ऐकलं. झुलाल बाहेर, मातीत निजलेला. दोर माझ्या हातात. आणि चारीतून...

टण्. टण्.

सवयीनं मी दगड उचलला, हात वर गेला. मिस्त्रीनं तो हवेतच धरला. 

"तूने कितनी बार जवाब दिया?"

"मोजलं नाही."

तो खालीच बसला. त्या चारीबद्दल त्याला काय ठाऊक होतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मी वर्षभर विचारलं, विडीला बोलावून विचारलं, भांडून विचारलं. पाइप त्यानं उघड्यावर, खांबांवर घेतला. चारी स्वतः उभा राहून मुरूम टाकून बुजवली. मग जिन सोडून रावेरकडे निघून गेला.

दसऱ्याचा मुहूर्त झाला नाही. दसऱ्याला आम्ही झुलालची राख सावडत होतो.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी मी भाकरीला बसलो, तर भागाबाईनं समोर ताट ठेवलं आणि पोटावर हात धरून उभी राहिली.

"दादा, एक सांग. त्यास्ना जीव लगेच गया, का हाका मारत व्हतात?"

मी घास खाली ठेवला.

"ठोकत होता," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

"आणि तू जबाब देत व्हता?"

"हो. दरवेळी."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "चांगलं झालं. एकला नव्हतात मंग."

 खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो. ठोके येत होते. मी उत्तर देत होतो.

कोणाला, ते तिनं विचारलं नाही.