न उतरवलेल्या तारा

चूक तात्यारावांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे माणूस सत्तरीला टेकला की त्याच्या चुकीला लोक नशीब म्हणायला लागतात. नशीब वगैरे काही नाही. त्यांनी एका बाईला तिच्या नवऱ्याच्या दुखवट्यात खोटं सांगितलं आणि त्याची गिटार घरी आणली.

आम्ही स्टील गिटार वाजवतो. मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या बोटांत नख्या, डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत रॉड. रॉड तारेवरून सरकवला की सूर तुटत नाही, गळ्यातून ओढल्यासारखा येतो. ऑर्केस्ट्रा जोरात होते तेव्हा याला मान होता. आता आमच्यात उरलोय तिघंच: तात्याराव, हरिश्चंद्रकाका आणि मी. चौथे राघोकाका मोरव्याला राहायचे. ते दिवाळीनंतर गेले.

राघोकाका आम्हा सगळ्यांच्या वरचे. तारा ते स्वतःच्या पद्धतीने लावायचे आणि कुठली तार कुठल्या सुरात, ते कोणालाही सांगायचे नाहीत. कार्यक्रम संपला की स्टेजवरच सहाही खुंट्या ढिल्या करायचे, मगच गिटार पेटीत. तात्याराव आयुष्यभर त्यांच्या शेजारी बसून वाजवत आले आणि आयुष्यभर जळत आले. पण राघोकाका गेले तेच वाजवता वाजवता. गिटार मांडीवर, मान खाली. त्यामुळे त्या दिवशी तारा चढलेल्याच राहिल्या.

आमच्यात रीत आहे. वाजवणारा गेला की बरोबरीच्या कोणीतरी त्याच्या गिटारीच्या तारा उतरवायच्या. एकेक खुंटी ढिली करायची, काही न बोलता. तात्याराव राघोकाकांच्या बायकोकडे, शेवंतीकाकूंकडे गेले आणि म्हणाले, "वहिनी, तारा उतरवून आणून देतो." काकूंनी विश्वासाने पेटी दिली. यांनी एक खुंटी हलवली नाही. त्या तारा ऐकून ऐकून स्वतःची गिटार तशी लावून घेतली आणि आम्हाला शनिवारी बोलावलं.

मी स्टेशनजवळून भुर्जी-पाव आणि बॅटरीवरचा दिवा घेऊन निघालो. तात्यारावांची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, धोकादायक ठरवलेली. बाकी सगळे निघून गेले. हे मोठी खोली मिळेपर्यंत हलणार नाहीत, म्हणून लाइट कापलेल्या त्या सांगाड्यात दुसऱ्या मजल्यावर एकटेच. जिन्यात कबुतरांची घाण, ओल्या प्लॅस्टरचा वास, दारं भंगारवाल्यांनी काढून नेलेली. शेजारी नाहीत, तेवढं वाजवायला बरं.

"आला बघा अर्धा इंजिनियर," तात्याराव म्हणाले. "कॉलेज अर्ध्यात सोडलं, भुर्जी मात्र पूर्ण आणतो."

"पूर्ण नोकरी करून तुम्ही काय दिवे लावले?" मी म्हणालो. "हा दिवा पण मीच आणलाय."

हरिश्चंद्रकाका हसले. मग त्यांचं लक्ष जमिनीवर गेलं. आमच्या तिघांच्या मधोमध चादरीवर राघोकाकांची गिटार होती. उघडी.

"तात्या, ही उतरवली नाहीस?"

"उद्या उतरवतो. आधी तुम्ही पण लावून घ्या हिच्यावरून. राघ्याने आयुष्यभर लपवलं. आता कसं लपवतो बघू."

काका तेव्हा उठून गेले असते तर गोष्ट संपली होती. पण म्हाताऱ्या माणसाची हाव तरुणापेक्षा वाईट, तिच्यापाशी वेळ कमी असतो. त्यांनी मान खाली घातली आणि खुंट्या पिळायला लागले. मीही लावली.

सुरुवातीला मजा आली, हे कबूल. एकाने तुकडा टाकायचा, दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने वाकडा करून परत द्यायचा. त्या तारांत काहीतरी होतंच. साधा सूरही भरून यायचा. मधली गिटार आपोआप गुणगुणत होती. त्यात काही नाही. सारख्या सुरात लावलेली गिटार शेजारी उघडी असली की तिच्या तारा थरथरतात. म्हणूनच आम्ही रिकाम्या गिटारीवर रुमाल टाकतो. त्या रात्री कोणी टाकला नाही.

मग लक्षात आलं की आम्ही थांबल्यावरही ती थांबत नाहीये.

खोलीत टाल्कम पावडरचा वास आला. राघोकाका रॉड धरण्याआधी हाताला पावडर चोळायचे. तेवढ्यात मधल्या गिटारीवर एक तुकडा वाजला, सूर खालून वर सरकत गेला. लांब, सावकाश.

थरथरणं वेगळं. तारेवरून रॉड फिरल्याशिवाय सूर सरकत नाही. त्या गिटारीवर रॉड नव्हता.

"लोक्या, तू केलंस?" काकांनी विचारलं.

"नाही."

"तात्या...?"

तात्याराव ऐकत होते. तोच तुकडा पुन्हा आला, अजून सावकाश. नवख्याला शिकवावं तसा. त्यांनी रॉड टेकवला आणि तो तुकडा वाजवून पाहिला. चुकला. मधली गिटार पुन्हा वाजली. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा चुकला. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. काकांनी माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. अखेर तात्यारावांच्या हातून तो तुकडा जसाच्या तसा आला.

"बसला," ते हळूच म्हणाले. "हरी, बसला रे."

आणि ते वाजवतच राहिले. तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा. घाम हनुवटीवरून गिटारीवर पडत होता.

"बस झालं आता," मी म्हणालो. "थांबा."

"थांबतोय..."

रॉड वर गेला, खाली आला. दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

"थांबत नाहीये... तो थांबत नाहीये."

काका माझ्या कानाशी आले. "तारा उतरव. राघ्याच्या तारा उतरव आधी."

मी मधली गिटार ओढली. लाकूड गरम होतं, आत्ताच कोणाच्या तरी मांडीवरून उचलल्यासारखं. बारीक तारेची खुंटी ढिली केली. तार लोंबली. दुसरी केली, तिसरी केली. तात्यारावांचा हात आता अडखळत होता, म्हणून मला वाटलं बरोबर चाललंय. चौथी. पाचवीची खुंटी फिरवली आणि रॉड त्यांच्या हातातून फरशीवर पडला.

मी वर बघितलं. त्यांच्या डाव्या हाताची पाचही बोटं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

माझा हात सहाव्या खुंटीवर होता. जाड तार. बघता बघता तो जरासा फिरला. एका केसाएवढा. तात्यारावांचं तोंड उघडलं आणि श्वास आत गेलाच नाही. डोळे मोठे झाले. मी खुंटी परत वर केली. श्वास आला.

त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं. नख्या मांसात रुतल्या.

"ही नको..." ते म्हणाले. "लोकेश, ही इथं लागतेय." त्यांनी माझाच हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला.

ती तार कोणी न छेडता उजाडेपर्यंत गुणगुणत होती. आम्ही तिघंही तिच्याभोवती बसून राहिलो. भुर्जी तशीच पडून राहिली.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. तात्यारावांच्या मुलाने मला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं: म्हाताऱ्या माणसाला रात्रभर बसवलंस, अक्कल आहे का? हरिश्चंद्रकाकांनी आपली गिटार विकली आणि फोन उचलणं बंद केलं. थोरांची हीच तऱ्हा, निस्तरायला कोणी थांबत नाही.

पेटी घेऊन मी शेवंतीकाकूंकडे गेलो. त्यांनी झाकण उघडून बघितलं. पाच तारा सैल, एक ताठ.

"उतरवून आणतो म्हणाले होते ना?" त्या म्हणाल्या. "उतरव. मग आण."

म्हणून गिटार माझ्याकडे आहे. खाडीची हवा इथली, तार आपोआप सैल होते. कधी दुपारी, कधी ऐन झोपेत तात्यारावांचा फोन येतो. "लोकेश... बघ रे जरा. उतरल्यासारखी वाटतेय." मी बघतो. दर वेळी उतरलेलीच असते. मी हलकेच चढवतो आणि पलीकडे श्वास परत येतो तो ऐकून फोन ठेवतो.

गेल्या आठवड्यात बघितलं, तारेला खालच्या टोकाशी गंज धरलाय. बदलायची तर आधी काढावी लागेल. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. काल फोनवर त्यांनीच विचारलं, "तांबडं काय दिसतंय रे तिथं?"

आत्तापर्यंत तात्यारावांचा फक्त डावा हात गेलाय.