बेवारस तुकडे

पडद्यावर ओळ उमटली : ‘दुसरा टप्पा पूर्ण.’ रेवतीबाईंचं काळीज आनंदानं धडधडायला लागलं.

काचेपलीकडे त्यांचे यजमान अनंतराव शांत झोपले होते. साठी ओलांडली की कानामागे नखाएवढी स्मृतिचकती बसवायची आणि मेंदूला जड झालेल्या आठवणी तिच्यात ठेवायच्या, हे आता सांगलीत चष्म्याइतकं साधं झालं होतं. पण चकतीही झिजते. परवा अनंतरावांनी बायकोलाच विचारलं होतं, “आपण कोणाकडे आलात?”

“काकू, पूर्वी विंडोजचा संगणक सुरू होताना आपली डिस्क तपासायचा ना, तसंच हे,” डॉ. मृण्मयी कारखानीस म्हणाली. “फडताळातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळल्या, तरी आत साखर असतेच. फक्त सापडत नाही.”

“आणि मघाशी ‘खराब जागा’ आलं ते?”

“गंजलेला डबा. त्यातलं वाचेल तेवढं चांगल्या डब्यात ओतायचं.”

“एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस होय गं?”

मृण्मयी हसली. तेवढ्यात नवी ओळ आली : ‘बेवारस तुकडे सापडले. जोडायचे की पुसायचे?’ चिठ्ठी गळालेल्या आठवणींतला एक तुकडा तिनं ऐकवला. एका तरुण बाईचा कापरा आवाज :

“कृष्णाकाठी वाळूवर उमटली पावलं,
अनंतरावांचं नाव घ्यायला मन माझं धावलं.”

रेवतीबाईंचा हात गळ्याकडे गेला. मंगळसूत्राशेजारी चांदीचा इवलासा टाक होता. यजमानांच्या पहिल्या, वारलेल्या बायकोचा. दुसरेपणावर आलेल्या रेवतीबाई रोज त्या टाकाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घेत नसत.

“या माधवीताई,” त्या हळूच म्हणाल्या.

“त्यांच्या नावाची चिठ्ठी गंजात गेली, काकू. नवी चिठ्ठी जिवंत माणसाच्याच नावानं निघते. यंत्र चेहरा आणि आवाज पडताळून घेतं. नाहीतर हे सगळं पुसावं लागेल.”

“सवतीला माझ्या हातानं पुसू? माझ्या नावावर लाव. आजवर माझ्याजवळच राहिल्यात, पुढंही राहतील.”

“सगळे तुकडे?”

“सगळे.”

तिसरा टप्पा सरकू लागला. रेवतीबाईंचे ओठ जपात हलत होते. शेवटी हिरवी ओळ आली : ‘तपासणी पूर्ण. एकही दोष उरला नाही.’

त्या जवळजवळ धावतच आत गेल्या. अनंतरावांनी डोळे उघडले.

“अहो, ओळखलंत?”

“रेवती. वेडी आहेस का, तुला नाही ओळखणार?” त्यांचा चेहरा उजळला. “उखाणा घेताना केवढी कापत होतीस तू. कृष्णाकाठी वाळूवर… आणि मग आंबोलीला धुक्यात हरवलीस, मी वेड्यासारखा हाका मारत फिरलो.”

रेवतीबाई आंबोलीला कधी गेल्याच नव्हत्या. पण इतक्या मायेनं त्यांच्याकडे कुणी कधी पाहिलंही नव्हतं. डोळ्यांना धारा लागल्या.

अनंतरावांचं लक्ष टाकाकडे गेलं. तो बोटांत धरून त्यांनी निरखला.

“हे गं काय? कुणाला घालून ठेवलंयस गळ्यात?”

खोटं न बोलण्याचं रेवतीबाईंचं व्रत होतं. “माधवीताईंना.”

“कोण माधवी?” अनंतरावांनी हसतच विचारलं.

काचेपलीकडे हिरवी ओळ अजून तशीच होती.