रेस उतरेना

आमची गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. चालवते मी. ह्यांना गाडी येत नाही, सल्ला येतो. एक दिवसाआड सकाळी ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, इस्पितळात न्यावं लागतं. तिथे मशीन तिचं रक्त स्वच्छ करतं. ती बरी व्हावी म्हणून मी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन धरते. लिहून सांगणं हेही एक प्रकारचं बोलणंच, म्हणून तेही नाही.

अशाच एका सकाळी ताईला सोडून परतताना एक्सिलेटर अडकला. पाय उचलला तरी गाडी आपली पळतेच. क्लच दाबला, तर इंजिन अंगात आल्यासारखं किंचाळलं. कशीबशी घरी आणली, ह्यांना बाजूला बसवलं आणि तशीच गॅरेजवर नेली.

मिस्त्री शर्टाच्या पोटावर पाने पुसत बाहेर आला. जगातलं प्रत्येक इंजिन आपल्या हाताखालून गेलंय, अशी त्याची समजूत.

"काय होतंय?"

"अडकते," हे म्हणाले.

"म्हणजे जाम? पुढे जात नाही?"

"हो, हो. अगदी तसंच."

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. उजवं पाऊल दाबून दाखवलं, उचलून दाखवलं, गाडी कशी सुसाट सुटते ते हात लांबवून दाखवलं. मिस्त्रीने कळवळून पाहिलं.

"वहिनींच्या पायात गोळा आलाय का?"

"संधिवात असेल," हे म्हणाले.

अडकलेली गाडी मोकळी करायला मिस्त्रीने ब्रेक ढिले करून दिले. आधीच पळणाऱ्या गाडीचे!

बारा वाजल्यावर माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "अहो, एक्सिलेटर!"

मग शिस्तीत काम सुरू झालं. मिस्त्रीने ब्रेक पुन्हा आवळले आणि पायाखालची मॅट काढली. तिची कड पेडलवर चढत होती. "हेच ते," तो म्हणाला. ते नव्हतं. नंतरच्या खेपेला केबल निघाली. आतल्या तारा तुटून कुसळांसारख्या उभ्या होत्या. नवी घातली, तरी सकाळी गाडी पुन्हा सुसाट. मग थ्रॉटल उघडला. इंजिनात हवा सोडणारी ती गोल झडप काजळीने चिकट झाली होती. फवारा मारून त्याने ती लख्ख केली, स्प्रिंग बदलली. बोटाने उघडून सोडली, की झडप टक् करून मिटायची. ऐकायलासुद्धा छान वाटायचं.

तरी सकाळी तेच. आणि दुपारी मी गॅरेजवर नेली, की गाडी गरीब गाय.

"साहेब, खोट गाडीत नाही," मिस्त्री ह्यांना म्हणाला. "वहिनींना वेगाची हौस दिसते."

"हिला? ही जिनासुद्धा देवाचं नाव घेत उतरते."

मिस्त्री चिडला. सीटवर बसून त्याने पेडल पार तळाला दाबलं. इंजिन ओरडू लागलं, वरचे पत्रे थरथरले. माझा आवाज मुळात बारीक, शेजारच्यालाही धड ऐकू जात नाही. तरी गाडी चालवताना पुटपुटायच्या सवयीने निघून गेलं, "हळू."

इंजिन निवांत झालं.

मिस्त्रीचा पाय अजून तळाला होता. त्याने वाकून पाहिलं. पाय काढला, पुन्हा दाबला. रेस चढली.

"हळू," तो स्वतः म्हणाला. काही नाही. मग आतून बायकोला हाक मारली. "हळू म्हण."

"लग्न झाल्यापासून म्हणतेय," ती म्हणाली. "तुमच्यात पडला का काही फरक?" पण म्हणाली. काही नाही.

मग मी म्हटलं. रेस उतरली.

हे पहिल्यांदाच काही सल्ला न देता उभे होते.

"आधीच्या मालकांकडे होती तेव्हाही ही गाडी माझ्याकडेच यायची. त्यांची मंडळी बाजूला बसून सारखं हेच म्हणायची," मिस्त्री म्हणाला. "ती गेली, तेव्हा त्यांनी गाडी विकली." हात स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला. "वहिनी, सकाळी गाडीत बसून तेवढा एक शब्द बोलत जा. नाहीतर काढूच नका."

मी टॅक्सी ठरवली. परवा ती आलीच नाही. ताईच्या पायांना सूज होती, धाप लागली होती. मी गाडी काढली.

इस्पितळाच्या अलीकडे उतार आहे. तिथे रेस चढली.

क्लच दाबला. इंजिन किंचाळलं. किल्ली फिरवली. किल्ली हातात आली, इंजिन चालूच. ब्रेकमधून करपल्याचा वास येऊ लागला. खाली, इस्पितळाच्या फाटकासमोर, माणसं रस्ता ओलांडत होती.

"अगं, बोल की!" ताई ओरडली. "मोड ते मौन! देवाला मी समजावते!"

शब्द जिभेच्या टोकावर आला होता. तो गेला, की ताईसाठी धरलेलं सगळं गेलं. मी ओठ दातांखाली दाबला.

"हळू."

रेस उतरली. माणसांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

"बोललीस ना शेवटी," ताई रडत रडत हसली.

मी नकारार्थी मान हलवली. दात अजून ओठात रुतलेले होते.

आवाज माझाच होता. मागच्या सीटवरून आला होता. मागे कुणी नव्हतं.

मशीनवरून उतरल्यावर ताईला चांगलं वाटत होतं. नर्स म्हणाली, आजच्यासारखा रिपोर्ट कधी आला नव्हता. मी मनात हात जोडले. बारा वाजून गेल्यावर ह्यांना फोन लावला.

"ताई बरी आहे," मी म्हटलं. "निघतोय आम्ही."

परक्या बाईशी बोलताना लावतात तो मऊ, अदबीचा आवाज लावून ह्यांनी विचारलं,

"आपण कोण बोलताय?"